अठ्ठाविसावा दिवस

लोटे, ता. खेड
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. सौ. नमीस,

तू माझा फोन ब्लॉक केलास, भावजींचाही लागत नाही. काल आंब्याची पेटी घेऊन पाठवलेला माणूस तुमच्या चिपळूणच्या दारातून तसाच परत आला. पेटी तरी ठेवून घ्यायचीस! आंब्यांनी तुझं काय घोडं मारलं होतं? जाऊ दे. भांडायला बसलेलो नाही. लग्न होऊन तू गेलीस त्या वर्षी तुला शेवटचं पत्र लिहिलं होतं, त्यानंतर आज. लॅबमध्ये आकडे लिहायची सवय, वाक्यं लिहायला गेलं की हात दुखतो.

तुझा राग कशाचा आहे ते मला ठाऊक आहे. १ एप्रिलला डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काय घालत होता?" तू पर्समधून बाटली काढलीस आणि मी म्हटलं, "बाटलीत काही नाही डॉक्टर. आमच्याच कंपनीची आहे, तपासून सुटलेली. पोरी हात धूत नाहीत, बाटलीचं टोक पापणीला लावतात, मग हे होतं." संस्कृती तिथेच डोळ्याला पट्टी लावून बसली होती. तिने मान खाली घातली, ते मी पाहिलं. पण नमे, मी खोटं काय बोललो? बावीस वर्षं जंतूंच्या खात्यात काढली मी. जंतू आभाळातून पडत नाहीत, आपल्या बोटांवरूनच जातात.

ती बाटली मी तुझ्या हातातून घेतली आणि लॅबमध्ये तपासली. स्वच्छ निघाली. काही वाढलं नाही. हेच सांगायला फोन करत होतो, तर तू उचलला नाहीस आणि मग बंदच केलास.

मी काय परका आहे का गो? शिमग्यात पालखी आपल्या अंगणात आली, गुलालाने तुझ्या लेकीचे, आपल्या बायचे, डोळे लाल झाले, तेव्हा पहिले दोन थेंब मीच घातले तिच्या डोळ्यात. बाटली तिला देऊन टाकली, म्हटलं दापोलीला घेऊन जा, परीक्षा आहे, मोबाइल बघून डोळे कोरडे होतात, दिवसातून चार वेळा घालत जा. त्याच्या पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, फोनसुद्धा केला होता. "अभ्यास कसा चाललाय?" विचारलं. ड्युटीवरून फोन करणारा मामा किती पोरींना असतो?

ऑपरेशनच्या दिवशी, ११ तारखेला, मी मुंबईला आलो होतो. हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर बसून होतो. वर यायचं धाडस झालं नाही. डोळा काढावा लागला हे मला आईकडून कळलं. त्यापुढे मी काय लिहू?

एकदा तिला भेटू दे. पाच मिनिटं. मग हवं तर तोंड बघू नकोस.

तुझा दादा


लोटे
रविवार, ११ मे

नमे,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलंय, "घेण्यास नकार." अक्षर सुंदर आहे त्याचं. बरं झालं रजिस्टर केलं, नाहीतर मी वाट बघत बसलो असतो.

शनिवारी गावी गेलो होतो. आई चुलीपुढे बसूनच म्हणाली, "विनू, पोरगी हात धूत ऱ्हाते रे सारकी. नमी रडत व्हती फोनवर. साबन लावते, धूते, परत लावते. बोटांची सालटी निगालीत." मी म्हटलं, "होईल कमी." तर आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू दिलंस ता औषद चांगला व्हता ना?" मी तिला म्हटलं, "आई, तुला त्यातलं काय कळतंय!" आयुष्यात पहिल्यांदा असं बोललो तिला.

तिच्यासाठी सौम्य साबण आणि हाताला लावायचं क्रीम पाठवतोय. क्रीम चांगल्या कंपनीचं आहे, आमचं नाही. सांग तिला, हात दोनदा धुतले की पुरे होतात. त्याच्या पलीकडे धुऊन काही उपयोग नसतो.

तुला वाटत असेल हा कसला साबणाचं लिहितोय. मला एक समजावून सांगू दे, कारण हे तुला कुणी सांगितलं नसणार. थेंबांची बाटली एकदा उघडली की महिनाभर घरात फिरते. उशाखाली, पर्समध्ये, एस्टीत. टोक पापणीला लागतं, बोटाला लागतं. कुणाचं लागत नाही? माझंही लागतं. म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, आत गेलेला जंतू मरावा म्हणून. जास्त पडलं तर डोळा जळतो, कमी पडलं तर जंतू जगतो. लोणच्यात मीठ घालताना आई हाताने अंदाज घेते ना, तसा अंदाज इथे चालत नाही. म्हणून आम्ही काय करतो, नवं औषध आलं की त्यात मुद्दाम जंतू सोडतो, भरपूर. मग सातव्या दिवशी मोजायचे, चौदाव्या दिवशी मोजायचे, अठ्ठाविसाव्या दिवशी मोजायचे. अठ्ठावीस दिवस टिकलं तर पास.

या औषधात कंपनीच्या शेठनी प्रिझर्व्हेटिव्ह कमी करायला सांगितलं होतं. खोक्यावर "डोळ्यांना सौम्य" छापायचं होतं. त्यात गैर काही नाही, सगळे करतात. परीक्षेत पास झालं की झालं.

१७ फेब्रुवारीला सुरू केली होती ती परीक्षा. अठ्ठाविसावा दिवस कधी आला असेल, तूच मोज. १७ मार्च. पालखी आपल्या घरी यायचा दिवस.

आता तुला माहीत आहे शिमग्यात लोट्यात काय असतं. कंपनीची बस रिकामी धावते. अर्धं खातं गावी, उरलेलं अर्धं गावी जायच्या तयारीत. माझ्यामागे कोण बसणार होतं मोजायला? आप्पा गेल्यापासून पालखीपुढे मीच उभा राहतो, दुसरं आहे कोण? चौदाव्या दिवशी सगळं मेलेलं होतं, जंतू वाढवून मोजायची प्लेट कोरी. मेलेलं पुन्हा काय उठणार? १२ तारखेला बस पकडायच्या आधी मी १७ तारखेचा आकडा लिहून टाकला. "दहापेक्षा कमी." सही केली. खाली तारीखही १७ टाकली. सुटायच्या आधीच भरून ठेवलेल्या बॅचमधली एक बाटली घरी न्यायला खिशात घातली.

एवढंच झालं. सणाच्या दिवसांत असं कोण करत नाही, सांग. यात गुन्हा काय तो?

पोरीला जप.

विनोद दादा


लोटे
रविवार, १ जून

नमे,

दुसरंही परत आलं, साबणाच्या पार्सलासकट. तेच सुंदर अक्षर.

खरं सांगू? बरं वाटलं. तू वाचत नाहीस हे कळल्यावर लिहायला सोपं जातं. ऑफिसात कुणाला सांगता येत नाही, आईला सांगता येत नाही. हे पत्रही परत येणार, मी ते कपाटात त्या दोघांवर ठेवणार. तर मग मोकळेपणाने लिहितो.

भावजींनी केलेल्या तक्रारीवरून कंपनीत चौकशीला सरकारी माणसं आली होती. दोघं होते. वही मागितली. मी दिली. त्यांनी पानं उलटली, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा, सगळीकडे माझी सही. एकजण म्हणाला, "नोंदी व्यवस्थित आहेत तुमच्या." चहा घेऊन गेले. वापरताना निष्काळजीपणा झाला असावा, असं लिहून गेले. संध्याकाळी शेठनी केबिनमध्ये बोलावलं, पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गोरिवले, तुमच्या सहीने वाचवलं आपल्याला." भाचीबद्दल त्यांना माहीत नाही. तक्रारीवरचं आडनाव भावजींचं, त्यांना कसं कळणार? मी सांगितलं नाही. मी "थँक्यू सर" म्हणालो, नमे. थँक्यू.

बाटली मी तपासली नव्हती. डॉक्टरांकडून निघालो तो सरळ लॅबमध्ये गेलो आणि ती ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. आमचा मोठा कुकर गो, ज्यात घातलेलं काही जिवंत राहत नाही. वीस मिनिटं. प्लास्टिक वितळून गोळा झाला. तुला मात्र लिहिलं, स्वच्छ निघाली. निर्लज्जासारखं लिहिलं.

का केलं, विचारशील. मला भीती वाटली. नोकरी जाईल म्हणून वाटली, पोलीस येतील म्हणून वाटली. पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती तुझ्या तोंडाची. लहानपणी माझ्या हातून तुझी पाटी फुटली होती तेव्हा तू रडली नव्हतीस, नुसती बघत राहिली होतीस. तसं बघशील म्हणून.

आई सांगत होती, बायने कॉलेज सोडलं. प्रॅक्टिकलला मातीत हात घालावे लागतात, ती घालत नाही. शेतकीच्या पोरीने मातीला हात लावायचा नाही म्हणजे काय राहिलं? कुणाच्या ताटालाही हात लावत नाही म्हणे. तुम्हाला काही होईल म्हणते. "माझ्याच हाताने झालं, मामा बरोबर बोलला," असं म्हणते.

मामा बरोबर बोलला! आईने हे सांगितलं तेव्हा मी जेवत होतो. आईला वाटलं घास अडकला, तिने पाणी दिलं. पोरगी स्वतःला खातेय आणि तिला सोडवणारं एक वाक्य माझ्या तोंडात आहे. मला ते बोलता येत नाही गो. तुझ्या दारात येऊन एवढंच म्हणायचं आहे, की टोक लागलं असेल तरी चालायला हवं होतं, त्यासाठीच तर आत प्रिझर्व्हेटिव्ह घालतात. दोन मिनिटांचं काम. दोन महिने झाले.

विनोद


लोटे
रविवार, २२ जून

नमे,

गुरुवारी चिपळूणला आलो होतो. रजा टाकली, कुणाला सांगितलं नाही. तुमच्या समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. तू बाहेर गेली असावीस. पुढच्या गॅलरीत ती होती. काळा चष्मा, केस कापलेले. नळाखाली हात. मी घड्याळ लावलं. सवय आहे ना, सगळं मोजायची. सात मिनिटं. मग तिने हात झटकले, उजेडाकडे धरून पाहिले आणि नळ पुन्हा सोडला.

दुकानदाराने विचारलं, "काय हवंय?" त्याच्या काचेच्या कपाटात आमची बाटली होती. "डोळ्यांना सौम्य." एका बॅचला चार हजार बाटल्या असतात. त्या आता कुणाकुणाच्या उशाशी आहेत ते मला माहीत नाही आणि कळणारही नाही. मी ती एक विकत घेतली आणि बाहेरच्या गटारात रिकामी केली. माणसं बघत होती. मग परतीची गाडी धरली.

आता राहिलेलं लिहितो. हेही तू वाचणार नाहीस.

शिमगा करून २२ मार्चला कामावर आलो. ती परीक्षेची बाटली होती तिथेच होती. टाकून द्यायची होती. पण मनात आलं, लिहिलंय तर एकदा बघू या. तेहेतिसावा दिवस होता. नमुना घेतला, प्लेट उबेला ठेवली. मला खात्री होती, नमे, काही निघणार नाही. निघणार असतं असं वाटलं असतं तर मी बघितलंच नसतं. असा माणूस आहे मी.

मंगळवारी, २५ तारखेला, सकाळी झाकण उघडलं. प्लेट हिरवी. भरून हिरवी, मोजता येणार नाही इतकी. त्या जंतूला द्राक्षांसारखा गोड वास येतो, तो सगळ्या खोलीत सुटला. चौदाव्या दिवशी पार मेले असं वाटलं होतं त्यातले थोडे उरले होते. उरले आणि त्या कमी प्रिझर्व्हेटिव्हमध्ये राहायला शिकले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी तिथे असतो तर मला दिसले असते. मी पालखी खांद्यावर घेऊन अंगणात होतो. गाऱ्हाण्यात लेकीबाळींना सुखी ठेव म्हटलं, सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" केलं, मीही मोठ्याने केलं, आणि वळून बायच्या डोळ्यात थेंब घातले.

तर मंगळवारी मी ती प्लेट हातात धरून उभा होतो आणि पहिली आठवण तिचीच झाली. हे मात्र खरं आहे, ह्यावर विश्वास ठेव. तिथूनच फोन लावला. म्हणायचं होतं, बाय, ती बाटली फेकून दे. तिने लगेच उचलला. "बोल मामा!" मागे पोरींचं हसणं ऐकू येत होतं. आणि मला वाटलं, का फेकू विचारलं तर काय सांगू? ती तुला सांगेल, तू भावजींना सांगशील, रिपोर्ट गेलेला, माल सुटलेला, खाली माझी सही. मी म्हटलं, "अभ्यास कसा चाललाय?" ती म्हणाली, "चाललाय मामा. डोळे एकदम मस्त आहेत तुझ्या औषधाने." मी म्हटलं, "बरं, ठेवतो."

पहिल्या पत्रात मी या फोनची तुला फुशारकी मारली.

पाच दिवसांनी पाडव्याला ती लाल डोळा घेऊन तुझ्याकडे आली. रविवार, सण, डॉक्टर नाहीत. तू मला फोन केलास, आठवतं? "दादा, तुला यातलं कळतं, काय करू?" मी म्हटलं, "गार पाण्याने धू, उद्या बघू." दुसऱ्या दिवसापर्यंत बुबुळ पांढरं झालं. तो जंतू किती वेगाने डोळा खातो ते मला माहीत होतं. तुमच्या घरात मला एकट्याला माहीत होतं. तरीही मी उद्या बघू म्हटलं, कारण तो दुसराच काही आजार निघावा, अशी मी वाट बघत होतो.

तीन वेळा सांगता आलं असतं. फोनवर, पाडव्याला, डॉक्टरांपुढे. पाडव्याला सांगितलं असतं तरी कदाचित डोळा राहिला असता.

मला माफ कर असं लिहीत नाही. माफ करण्यासारखं यात काही नाही. प्लेट मी धुतली, बाटली वितळवली, वहीत सगळं व्यवस्थित आहे. माझ्या तोंडाखेरीज पुरावा कुठेही नाही आणि माझं तोंड कसलं आहे ते तू पाहिलंस.

विनोद


शुक्रवार, ४ जुलै

नमे,

परत आलं तेही. घेण्यास नकार. कपाटात आता चार झाली.

आज चारही पुढे घेऊन बसलो आणि लाज वाटली. न उघडणाऱ्या माणसाला कबुली द्यायची, रजिस्टरची पावती घ्यायची, आणि मन हलकं झालं म्हणायचं. पहिलं परत आल्यावर मला ठाऊक होतं तू घेणार नाहीस. म्हणूनच तर पाकीट चिकटवत होतो. अठ्ठाविसाव्या दिवसासारखंच हे, न करता केल्याची नोंद.

हे पाकिटात घालत नाही. कपाटातच राहील.

पोस्टात जाऊन कार्ड मागितलं. खिडकीवरची बाई हसली, "आता कोण कार्डं लिहितंय?" कार्ड उघडं असतं. ते नाकारायला हातात घ्यावं लागतं आणि हातात घेतलं की वाचलं जातं. ही बाई वाचेल, तुमचा तो सुंदर अक्षराचा पोस्टमन वाचेल, चाळीत कुणाच्या हाती पडलं तर तो वाचेल. वाचू देत. पत्ता तुझ्या नावाचा नाही, तिच्या नावाचा आहे. डोळा परत येणार नाही, कॉलेजचं वर्ष गेलं, आणि याने ती हात धुवायची थांबेल असंही मला वाटत नाही. इतक्या उशिरा ते तिला खरं वाटेल का, हेही माहीत नाही. हे वाचून तू आणि ती मला कायमची टाकणार, ते मात्र नक्की माहीत आहे.

अक्षर मोठं काढलंय, एका डोळ्याने वाचायला त्रास होऊ नये म्हणून.


पोस्टकार्ड
शनिवार, ५ जुलै २०२५

कु. संस्कृती हिस,

तुझ्या हाताने काही झालेलं नाही. मी दिलेलं औषध खराब होतं. २५ मार्चला तुला फोन केला तेव्हा ते मला माहीत होतं. मी सांगितलं नाही. डॉक्टरांपुढे मी खोटं बोललो. बाटलीचं टोक कुणाचंही लागतं, चूक तुझी नव्हती.

हे कार्ड बाबांनी हवं त्याला दाखवावं. खालची सही रिपोर्टावरच्या सहीशी ताडून बघावी. तीच आहे.

हात धुणं आता पुरे कर, बाय.

विनोद भागोजी गोरिवले